हे तेल चोळायचं नाही

सकाळी साडेसहा

उठल्यावर आधी हात बघते. बोटांच्या बेचक्यात कातडी कोरडी पडली असेल, खाजत असेल, तर आदल्या दिवशी कुठेतरी हातमोजा फाटला होता असं समजायचं. मला गवती चहाच्या तेलाची ॲलर्जी आहे. ती जन्मापासून नव्हती, मी ओढवून घेतली. बी. फार्म. होऊन आजोबांच्या काष्ठौषधींच्या दुकानात बसायला लागले, तेव्हा मोठ्या कॅनमधून लहान बाटल्यांत तेलं भरायचं काम माझ्याकडे आलं आणि मी ते उघड्या हातांनी करत राहिले. दोन वर्षं काही झालं नाही. तिसऱ्या पावसाळ्यात बोटांवर पुरळ उठलं, फुटलं, पाणी सुटलं. त्वचारोगतज्ज्ञांनी पाठीवर चाचणीच्या पट्ट्या चिकटवल्या, अठ्ठेचाळीस तासांनी काढल्या आणि चौथ्या दिवशी पुन्हा बोलावून पाठ तपासली. सिट्रालच्या पट्टीखाली लाल फोड आले होते. गवती चहाला जो लिंबासारखा वास येतो, तो या सिट्रालचा. शरीरानं एकदा डूख धरला की ते सोडत नाही. इतकी वर्षं झाली, पण लिंबाच्या वासाची भांड्यांची वडी आजही आमच्या घरात येत नाही.

गिऱ्हाइकाला मी एवढं खोदून खोदून का विचारते, त्याचं मूळ माझ्या या बोटांत आहे.

नऊ

रविवार पेठेतलं दुकान. शटर वर गेलं की आधी वेखंड आणि नागरमोथ्याचा वास बाहेर येतो, मग बाकीचे. खाली हिरडा, बेहडा, वावडिंगाच्या गोण्या. वर भिंतीला दोन फळ्या आहेत आणि त्यांच्यामध्ये एक फळी मी मुद्दाम रिकामी ठेवते. डावीकडे चोळायची तेलं: खोबरेल, तीळ, एरंडेल, करंज, कडुनिंब. उजवीकडे थेंबांची: निलगिरी, लवंग, टी ट्री, लव्हेंडर, संत्रं, खानदेशातल्या रोशा गवताचं तेल. दोन्हीकडच्या बाटल्यांवर ‘तेल’ असंच लिहिलेलं असतं आणि सगळा घोटाळा या एका शब्दानं होतो.

आपल्याकडे तेल म्हणजे ओंजळीत घेऊन जिरवायची गोष्ट. बाळंतिणीला चोळतात, पैलवान चोळतात, दिवाळीत सगळं घर चोळतं. ते घाण्यावर बी पिळून काढलेलं स्निग्ध तेल असतं. उजव्या फळीवरचं तसं नाही. पाला, फूल किंवा साल भट्टीत घालून वाफेबरोबर जे उडून येतं, ते थंड करून पाण्यापासून वेगळं केलेलं असतं. टी ट्रीच्या शंभर किलो पाल्यातून जेमतेम किलो-दोन किलो तेल निघतं. म्हणजे त्या छोट्या बाटलीत पाल्याचा मोठा भारा कोंडलेला असतो. त्यात स्निग्धपणा नावालाही नाही. आजोबा त्याला अर्कच म्हणत. मलाही तोच शब्द बरा वाटतो, कारण अर्क म्हटलं की माणूस आपोआप थेंब मोजतो.

पावणेदहा

पार्सल आलं. आठ दिवसांपूर्वी कामाला लागलेला मुलगा हातमोजे न घालताच बाटल्या पुसायला बसला होता. मी त्याला ओरडले नाही. पार्सलमधलाच थर्माकोलचा तुकडा घेतला आणि त्यावर संत्र्याच्या सालीच्या तेलाचे तीन थेंब टाकले. थेंब पडले तिथे थर्माकोल सुरकुतला, खळगा पडला, खळग्याचं भोक झालं आणि तळाशी चिकट राळ उरली. मुलगा बघतच राहिला.

‘ताई, हातपण असा होतो?’

हात असा विरघळत नाही, हे त्याला सांगितलं. कातडी म्हणजे थर्माकोल नव्हे. पण या थेंबात किती जोर आहे, ते डोळ्यांना दिसलं. ही तेलं आम्ही प्लॅस्टिकच्या साध्या बाटलीत का भरत नाही, तेही त्याला उमगलं. त्यानं मुकाट्यानं नाइट्राइलचे मोजे चढवले.

मग टीपकागद काढले. नव्या मालाचा प्रत्येकी एक थेंब, शेजारी पेन्सिलीनं नाव, आणि कागद वाळत ठेवायचे. निलगिरी, टी ट्री, संत्रं यांचा थेंब उडून जायला हवा. कागद उजेडात धरल्यावर तेलकट, आरपार दिसणारा डाग उरला, तर कुणीतरी स्वस्त स्निग्ध तेल मिसळलेलं आहे. चंदन आणि वाळा जड असतात, त्यांना हा नियम लागत नाही. ही चाचणी अर्थातच कच्ची आहे. अर्कात दुसरा अर्क मिसळला असेल तर ती पकडत नाही, त्यासाठी प्रयोगशाळेचा अहवाल मागावा लागतो. तरी आज एक बाटली परत गेली.

साडेदहा

कॉलेजातली मुलगी, तोंडाला ओढणी. ओढणी बाजूला केली तर हनुवटीपासून गालापर्यंत लालबुंद, मधेमधे खपल्या, कडेला बारीक पाणीदार पुरळ. मुरुमांवर टी ट्री लावत होती. नुसतं, कापसानं, दिवसातून तीनदा. पहिले दोन दिवस झोंबलं, तेव्हा तिला वाटलं की औषध काम करतंय.

हे वाक्य मी महिन्यातून चार-पाचदा ऐकते. झोंबलं म्हणजे गुण येतोय, ही समजूत आपल्याकडे फार खोल आहे. जखमेवर हळद चिरचिरते, आयोडीन चिरचिरतं, म्हणून चिरचिर चांगली. या अर्कांच्या बाबतीत झोंबणं म्हणजे कातडीनं मारलेली हाक असते.

बाटली तिनं बरोबर आणली होती. उन्हाच्या खिडकीत दोन वर्षं ठेवलेली. झाकणाच्या ड्रॉपरचं रबर फुगून चिकट झालं होतं, बोटाला काळं लागत होतं. मी ते तिला हात लावून बघायला सांगितलं. तेलाच्या वाफेनं रबराचं हे झालं, आणि तेच विरघळलेलं रबर थेंबाबरोबर गालावर गेलं. शिवाय टी ट्री, लव्हेंडर, संत्रं, लिंबू ही तेलं हवा आणि उजेड लागला की बदलतात. जुन्या तेलात जी नवी द्रव्यं तयार होतात, ती ताज्या तेलापेक्षा कितीतरी जास्त ॲलर्जी आणतात. ताज्या बाटलीनं ज्याला काही होत नाही, त्याला वर्षभर उघडी राहिलेली बाटली भोवू शकते.

तिचा पुढचा प्रश्न रास्त होता. ‘पण टी ट्रीनं मुरुमं जातात ना?’

जातात, काही जणांची, काही प्रमाणात. 1990 साली ऑस्ट्रेलियात 124 जणांवर झालेला अभ्यास आहे. निम्म्यांना पाच टक्के टी ट्रीचं जेल, निम्म्यांना पाच टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड. दोन्हींनी गुण आला. टी ट्रीचा गुण उशिरा आला, पण आग, कोरडेपणा असा त्रास कमी झाला. त्यातला ‘पाच टक्के’ हा शब्द मी तिला कागदावर लिहून दाखवला. शंभरात पाच, तेही नीट बनवलेल्या जेलमध्ये. ती शंभरात शंभर लावत होती.

तिला मी काहीच विकलं नाही. तेल बंद, फेसवॉश आणि स्क्रब बंद. कोमट पाणी, वर साधं पेट्रोलियम जेलीचं बोट, आणि आज-उद्यात त्वचेच्या डॉक्टरांकडे जायचं. बाटलीही त्यांना दाखवायची, म्हणजे पुढे चाचणी करायची झाली तर काय तपासायचं ते त्यांना कळेल. मी डॉक्टर नाही. माझं काम काउंटरच्या या बाजूला संपतं, आणि ते कुठे संपतं हे माहीत असणं हाच माझ्या कामाचा मोठा भाग आहे.

बारा

एक आजोबा अमृतधारा मागायला आले. आमच्याकडे ती समोर करून देण्याची पद्धत आहे. कापूर, ओव्याचं फूल, पुदिन्याचं फूल हे तीन कोरडे खडे एका बाटलीत घालायचे आणि हलवायचे. वर पाण्याचा थेंब नाही, खाली आच नाही, तरी खडे एकमेकांना लागले की कडा ओलावतात, घरंगळतात आणि पाच-दहा मिनिटांत बाटलीत नितळ द्रव उरतो. तिघांनाही वेगवेगळं वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी एकत्र आल्यावर लागत नाही. इतक्या वेळा करूनही मला ते बघायला आवडतं.

‘कशासाठी हवीय, काका?’

खाजेसाठी. रात्री जास्त. बोटांच्या बेचक्यात, कमरेला, काखेत. सून आणि नातूही खाजवतात.

मी बाटली बाजूला ठेवली. घरातले सगळे रात्री खाजवत असतील, तर खरूज असण्याची शक्यता मोठी. कातडीत बीळ करून राहणाऱ्या बारीक किड्यानं ती होते. पुदिन्याच्या फुलानं गार वाटेल, खाज घटकाभर दबेल, किडा तिथेच राहील. डॉक्टरांकडून परमेथ्रिनचं मलम लिहून घ्यायचं, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री मानेपासून पायाच्या तळव्यापर्यंत लावायचं, अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात धुवायचं. अमृतधारा त्यांनी तरीही घेतली, डोकेदुखीला. कातडीवर लावणार नाही, असं माझ्याकडे बघून दोनदा म्हणाले.

एक ते साडेतीन

शटर अर्धं खाली. डबा खाताना आईचा फोन आला. गावाकडच्या घरी कुणीतरी बिब्बा फोडला आणि तो मनगटावर उतला.

बिब्बा काय असतो, ते मराठी घराला सांगावं लागत नाही. माझी आजी बिब्बा हाताळायच्या आधी दोन्ही हातांना खोबरेल चोपडायची, पोरांना अंगणात पिटाळायची, सुई टोचून जेवढा हवा तेवढाच काढायची आणि डोळ्यांकडे हात जाऊ द्यायची नाही. ‘हा सगळ्यांना सोसत नाही,’ हे तिचं ठरलेलं वाक्य. मात्रा, माध्यम, कातडीचा पोत, लहान मुलांपासून लांब ठेवणं: आज मी काउंटरवर जे घसा कोरडा करून सांगते, ते सगळं तिला ठाऊक होतं. बिब्ब्यापुढे सावध होणारी आपली माणसं सुबक लेबल आणि जांभळ्या फुलाचं चित्र दिसलं की निर्धास्त होतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. झाडातून आलंय म्हणजे सौम्य असणार, असं आजी कधीच म्हणाली नसती.

पावणेचार

अर्काची दिवसातली पहिली बाटली विकली. पोळ्या करणाऱ्या मावशींच्या टाचा राठ झाल्यात, पण भेगा अजून उघडलेल्या नाहीत. बाटली कशी भरते ते सांगते.

30 मिलिलिटर तिळाचं तेल. त्यात रोशाचं तेल दोन टक्के, म्हणजे 0.6 मिलिलिटर. थेंबांत म्हणायचं तर साधारण बारा. ‘साधारण’ अशासाठी की थेंब हे खरं माप नव्हे. पातळ तेलाचा थेंब लहान, जड तेलाचा मोठा, बाटलीचं तोंड बदललं की दोन्ही बदलतात. म्हणून मी ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत वजन दाखवणाऱ्या काट्यावर मोजते. घरी करणाऱ्यानं वीस थेंब म्हणजे एक मिलिलिटर धरावं आणि शंका आली तर एक थेंब कमी घालावा. चेहऱ्यासाठी मी एक टक्क्याच्या वर जात नाही, म्हणजे 30 मिलिलिटरला सहा थेंब. लवंगेला तेवढेही नाहीत, फार तर तीन. दालचिनीच्या सालीचं तेल मी कातडीसाठी देतच नाही.

मावशींना हेही सांगितलं की टाच मऊ होईल ती मुख्यतः तिळाच्या तेलानं आणि रात्री घातलेल्या मोज्यांनी. रोशाचा वाटा थोडा, वास मात्र सुंदर. आणि टाचेला लावायच्या आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन थेंब लावून दोन दिवस बघायचं. एका रात्रीवर भरवसा ठेवायचा नाही, ॲलर्जीचं पुरळ उठायला दोन-तीन दिवसही लागतात.

‘आणि आग झाली तर पाण्यानं धुऊ?’

नुसत्या पाण्यानं नाही, अर्क पाण्यात विरघळत नाही. आधी साध्या खोबरेलानं पुसून घ्यायचं, मग सौम्य साबण आणि पाणी. डोळ्यात गेलं तर मात्र लगेच वाहत्या स्वच्छ पाण्याखाली, चांगली पंधरा मिनिटं, आणि तिथून थेट डॉक्टरांकडे.

साडेचार

बावचीचं तेल हवंय म्हणून एक गृहस्थ. मुलीच्या पायावर कोडाचा डाग आहे. कुणीतरी सांगितलंय, लावा आणि उन्हात बसवा.

बावचीत सोरालेन असतं. त्याच्या आणि किरणांच्या जोडीनं कोडावर उपचार होतो, ही गोष्ट खरी आहे, पण तो दवाखान्यात किरणांची मात्रा मिनिटांनी मोजून होतो. जुलैच्या ढगातून मधेच पडणारं ऊन कोण मोजणार? पाच मिनिटं जास्त झाली की पायावर पाण्याचे मोठे फोड. लिंबाच्या सालीचं पिळून काढलेलं तेल आणि बर्गमॉटचं तेल यांतही त्याच कुळातली द्रव्यं असतात. वांग जावा म्हणून लिंबाचं तेल लावून दुचाकीवर ऑफिसला गेलेल्या बाईचा वांग गेला नाही, उलट डाग गडद झाला, असं माझ्या गिऱ्हाइकांतच झालेलं आहे. ही तेलं लावली तर पुढचे किमान बारा तास ती जागा उन्हात नको. बावची मी दिली नाही. गृहस्थ नाराज झाले. मुलगी दहा वर्षांची आहे म्हणाले.

साडेपाच

सात महिन्यांचं बाळ कडेवर, गालांवर इसबाचे राठ चट्टे. आईला लव्हेंडर हवं होतं, ‘नॅचरल आहे ना’ म्हणून. इतक्या लहान बाळाला कुठलाच अर्क नको. निलगिरी आणि कापूर तर त्याच्या उशाशीही नकोत. कापूर पोटात गेल्यानं किंवा कातडीतून भिनल्यानं तान्ह्या मुलांना झटके आल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. तिला बिनवासाचं मलम घ्यायला सांगितलं आणि बालरोगतज्ज्ञांकडे धाडलं.

तिच्या पाठोपाठ गजकर्णाचा तरुण. जांघेतला चट्टा आठ महिने हटत नाही. आधी कुठलंसं मलम लावलं, आता तेल हवंय. मलमाची ट्यूब बघितली, त्यात क्लोबेटासोल. हे जोरदार स्टेरॉइड आहे. यानं खाज थांबते आणि बुरशी आतून पसरत राहते. 2018 साली सरकारनं अशी 14 स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी ट्यूब घरोघर फिरते. अशा गजकर्णाला माझ्या फळीवर उत्तर नाही, हे त्याला स्पष्ट सांगितलं.

साडेसहा

बाहेर मुसळधार. रेनकोटमधून पाणी निथळत एक जण आत आला. आई माउलींच्या पालखीबरोबर चालतेय, मुक्काम सासवडला. हा गाडीवरून रात्रीच दिवे घाट चढून तिला गाठणार. दोन्ही पायांना चिखल्या झाल्यात, बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी फुगून सोलतेय. शेजारच्यांनी लवंगेचं तेल लावा म्हणून सांगितलंय.

‘आईंना साखर आहे का?’

होती. पंधरा वर्षं.

मग मी त्याला स्टुलावर बसवलं. बरीच वर्षं साखर असली की पायाची जाणीव कमी होते. सोललेल्या कातडीवर लवंगेचं तेल टाकलं तर तुम्हाआम्हाला ब्रह्मांड आठवेल, त्यांना कदाचित कळणारही नाही. कातडी भाजत राहील आणि त्या चालत राहतील. त्या पायाला अर्क नाही, गरम बाम नाही, गरम पाण्याचा शेक नाही. पाय साध्या पाण्यानं धुवायचे, प्रत्येक बेचकं जुन्या सुती धोतराच्या फडक्यानं टिपून कोरडं करायचं, केमिस्टाकडून बुरशीवरची पावडर आणायची, सुती मोज्यांचे चार जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत न्यायचे, मुक्कामाला पाय उघडे ठेवायचे. आणि दिंडीबरोबर वैद्यकीय पथकं असतात, त्यांना आजच पाय दाखवायचे. कुठे काळपट, पू, वास असेल तर आईला पुढे चालू द्यायचं नाही.

‘ती थांबणार नाही हो ताई.’

मला माहीत आहे. माझी आजीही थांबली नसती. फडकी मी घरातली दिली. पैसे घ्यायचा प्रश्न नव्हता.

आठ

आवराआवर. फोडलेल्या प्रत्येक बाटलीवर कायमच्या शाईनं तारीख टाकते. संत्रं, लिंबू, टी ट्री वर्षाच्या आत संपवायची, उरली तर फरशी पुसायच्या पाण्यात. सगळ्या गडद काचेच्या, बुचं घट्ट, उन्हापासून लांब.

विंटरग्रीनची बाटली तेवढी कुलपात जाते. बहुतेक वेदनाशामक बामांत जो वास येतो तो तिचा. त्यातलं एक चमचाभर, पाच मिलिलिटर, पोटात जाणं म्हणजे वीसहून अधिक ॲस्पिरिनच्या गोळ्या एकदम गिळणं. लहान मुलाच्या जिवावर बेतायला तेवढं पुरे होतं. कुठलाही अर्क कुणी प्यायलं तर उलटी करवायची नाही, बाटली घेऊन तडक रुग्णालय गाठायचं.

वहीत आजचा हिशेब लिहिला. अर्काच्या बाटल्या विकल्या तीन. नाही म्हणून परत पाठवलेले सात. आजोबांच्या वहीतही शेवटचा रकाना ‘न दिलेले’ असाच होता, तो मी चालू ठेवलाय.

घरी गेल्यावर तुम्हीही एक करा. फळीवर, न्हाणीघरात, देवघराजवळ अशी एखादी बाटली असेलच. उघडून वास घ्या, ड्रॉपरचं रबर दाबून बघा, कधी आणली ते आठवत नसेल तर टाकून द्या. चांगली असेल तर तारीख लिहा आणि मुलांचा हात पोचणार नाही अशी वर ठेवा. अंगाला तेल चोळायचं असेल, तर खोबरेल घ्या.